सर, तो डबा उघडलात म्हणून

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

या महिन्यात मला नोकरीत चार वर्षं पूर्ण झाली. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच घरच्यांची चौकशी सुरू करता, म्हणून लिहिते आहे. उघडपणे लिहिण्याचं कारण असं, की तुम्ही फोनबद्दलचं तुमचं मत बदललंत तेही आम्हा सगळ्या पोरांसमोर बदललंत. माझ्या ओळखीच्या मोठ्या माणसांत असं करणारे तुम्ही एकटेच.

२०१३ च्या जूनमध्ये मी आठवीत असताना मैदानावर पहिल्यांदा आले, तेव्हा तुमच्या खुर्चीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. आल्या आल्या फोन डब्यात. कॉलेजची पोरं कुरकुर करायची. तुमचं म्हणणं एकच, पळताना कानात गाणं असलं की स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. तुमच्या हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची लांब वही. तारीख, नाव, अंतर, वेळ. शेवटच्या रकान्यात एखादा शब्द: ‘ताप होता’, ‘वारं समोरून’, ‘घरी भांडण’. अशा वह्या तुम्ही १९९८ पासून लिहिताय हे मला फार उशिरा कळलं.

मला तुम्ही स्टीपलचेसला घातलंत. तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. टँकरवर दिवस काढणाऱ्या आपल्या माण तालुक्यात पाण्याचा खड्डा कुठून आणायचा? तुम्ही सुताराकडून तीस इंचांवर बसणारा वासा करून घेतलात आणि तो लांब उडीच्या वाळूपुढे रोवलात. आम्ही पाण्याऐवजी वाळूत उतरायचो. आपल्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर हीच शर्यत पळतात, एवढं आम्हाला पुरेसं होतं.

१५ ऑगस्ट २०१६ ची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेलच. रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता बाबरांची अंतिम फेरी होती. दोन दिवस आधी प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई १९८४ च्या पी. टी. उषांनंतर थेट तीच. तुमच्या घरी टीव्हीसमोर आम्ही अठरा-वीस जण दाटीवाटीनं बसलो होतो आणि शर्यतीच्या तोंडावर वीज गेली. कुणी काही बोलेना. मग तुम्हीच म्हणालात, “कुणाच्या फोनला रेंज आहे रे?” एका दादाचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. चित्र अडकायचं, पुन्हा सुरू व्हायचं. एकदा अडकलं तेव्हा त्या वाशावरून उडी घेत होत्या, आणि ते हवेतलं चित्र तसंच थांबलं. तुम्ही स्क्रीनजवळ वाकून त्यांचा मागचा पाय कुठे आहे ते बघत होतात. त्या दहाव्या आल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही फोनवाल्या दादाला विचारलंत, “हे असं थांबवून कधीही बघता येतं?”

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा खुर्चीखाली होता. मत काही एका रात्रीत बदलत नाही.

पुढच्या दोन वर्षांत डेटा स्वस्त झाला, घरोघरी फोन आले आणि आम्ही पोरींनी पळण्याचं अ‍ॅप घेतलं. स्ट्रावा. नकाशावर आपला रस्ता उमटलेला बघून फार भारी वाटायचं. जानेवारी २०१८ मध्ये त्याच अ‍ॅपच्या नकाशावरून परदेशातले लष्करी तळ ओळखू येत असल्याची बातमी आली. तुम्ही तो पेपर घडी घालून मैदानावर आणलात. एकेकीचा फोन स्वतः हातात घेतलात. माझ्या नकाशातली रेघ आमच्या दारातून सुरू होत होती, पहाटे पाच दहाला, रोज. तुम्ही बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता अ‍ॅप कायमचं बंद. पण तुम्ही विचारलंत, “ही सुरुवात लपवायची सोय असंल की नाही?” होती. घराभोवतीचा भाग नकाशातून वगळता येतो. आम्ही सगळ्याजणींनी ती सोय तिथेच चालू केली आणि तुम्ही वहीत प्रत्येकीच्या नावापुढे बरोबरची खूण केलीत. वस्तूवर बंदी घालण्याऐवजी तुम्ही ती नीट उलगडून बघितलीत. तुमच्यात झालेला बदल मला तिथे पहिल्यांदा दिसला.

माझ्या घड्याळाचंही तसंच. भावानं घेऊन दिलेलं ते घड्याळ सावकाश पळतानाही नाडी १७६ दाखवायचं आणि मी घाबरून जायचे. तुम्ही मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायला लावलेत आणि चारनं गुणलंत. १४८. मग माझी पावलं मोजलीत, ती मिनिटाला १७६ भरली. घड्याळ पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजत होतं. मनगटावरच्या घड्याळांत ही गफलत होते हे मी आता कामाच्या ठिकाणी रोज बघते आणि दर वेळी मला तुमची ती दोन बोटं आठवतात.

आणि मग २०२०. मैदानाला कुलूप. तुम्ही पन्नाशी उलटून गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवायला शिकलात. पहाटे साडेपाचला तुमचा आवाज यायचा, मागे भारद्वाज ओरडत असायचा. तुम्ही म्हणालात, भावाला पाणंदीवर उभा कर आणि उडीचा व्हिडिओ पाठव, सावकाश चालणारा. मी पाठवला. तासाभरानं फोन आला. तुम्ही कितीतरी वेळ बोललाच नाहीत. मग म्हणालात, “तू वाशाच्या आधी एक चोरटं पाऊल टाकतीस. आणि दर वेळी उजव्याच पायावर उतरतीस.” माझी उजवी नडगी वर्षभर दुखत होती. त्याचं कारण त्या सावकाश चित्रात होतं. मैदान उघडल्यावर सातारला जाऊन तपासलं तर हाडाला बारीक चीर निघाली.

त्या दिवशी तुम्ही मैदानावर सगळ्यांना गोल बसवलंत आणि म्हणालात, “हा व्हिडिओ चार वर्षांपूर्वी काढायला पाहिजे होता. फोन माझ्याच डब्यात होता. माझं चुकलं.”

सर, मी तेव्हा काही बोलू शकले नाही, म्हणून आज लिहिते. मी तुम्हाला कधीही दोष दिला नाही. त्या वयात माझ्या हातात फोन राहिला असता तर मी वाशाचा व्हिडिओ नक्कीच काढला नसता. पण तुमच्यासारखा माणूस आमच्यासमोर ‘माझं चुकलं’ म्हणाला, त्यामुळे मला पळणं सोडण्याचा निर्णय घेता आला. रडत घेतला, पण घेता आला.

पुढचा प्रश्न पोटाचा होता. बी.एस्सी. होत आलं होतं, विषय संख्याशास्त्र. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला लागणारं पदक माझ्याकडे नव्हतं. कामाच्या ओळखी जोडायच्या लिंक्डइन या संकेतस्थळावर मी खातं काढलं आणि तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुमचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, “ओळखीवर नोकरी? ह्याला आमच्या काळात वशिला म्हणायचे.” तुमच्या तरुणपणी एका निवड चाचणीत पहिलं येऊनही तुमचं नाव यादीतून गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे मी वाद घातला नाही.

पण तुम्ही तो विषय सोडला नाहीत. आठवड्यानं बोलावलंत आणि सगळ्या वह्या समोर ठेवल्यात, एकूण अकरा. म्हणालात, “तुझं शिक्षण आकड्यांचं. यातनं काय निघतंय बघ. ओळख सांगायचीच तर कामाची सांग.” तीन महिने मी त्या वह्या संगणकावर चढवत होते. कुठल्या वयात मुलींच्या वेळा थांबतात, परीक्षेच्या महिन्यात काय होतं, दुष्काळाच्या साली मैदानावरची हजेरी किती घटते. ‘घरी भांडण’ या शेऱ्यासाठी मी वेगळा रकाना केला. नावं सगळी काढून टाकायची ही तुमची अट. त्यातले तीन आलेख मी लिंक्डइनवर टाकले.

आणि मग तुम्ही स्वतः खातं काढलंत. फोटो मैदानावरचा, गळ्यात शिट्टी. पुढे लिहिलंत: ‘पळायला शिकवतो.’ जुन्या विद्यार्थ्यांना शोधून काढून एकेकाला वेगळा निरोप मराठीत लिहिलात, एका बोटानं, दोन संध्याकाळी बसून. सगळ्यांना एकच मजकूर पाठवायची सोय मी दाखवली तर म्हणालात, “पत्रिका छापून वाटतात. माणसाला निरोप वेगळा द्यायचा असतो.”

उत्तर आलं ते बंगळूरहून, २००४ साली मैदानावर असलेल्या एका ताईंचं. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, पण वहीतून ओळखत होते: १५०० मीटर, ५ मिनिटं ४१, शेरा ‘चप्पल तुटली, अनवाणी’. खेळाडूंच्या सरावाच्या नोंदींवर काम करणाऱ्या त्यांच्या कंपनीत एक जागा निघाली होती. त्यांनी ती कळवली आणि तुम्ही त्यांना लगेच फोन केलात. मी शेजारीच बसले होते. “जागा सांगितलीस, उपकार झाले. आता मुलाखतीला तू बसू नकोस. पोरीचं काम बघून काय ते ठरवू दे त्यांना.” ताई बसल्या नाहीत. तीन फेऱ्या झाल्या, त्यातली एक त्या अकरा वह्यांवरच.

नोकरीला लागल्यावर मी तुम्हाला मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती बातमी बहुतेक वेळा अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळलेली असते, असं त्यांनी १९७३ साली मांडलं. जवळच्यांना आपल्याला माहीत तेच माहीत असतं, लांबचा माणूस दुसऱ्या गोतावळ्यात वावरतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “स्थळंसुद्धा लांबच्या पाव्हण्याकडनंच कळतात. कळवणं पाव्हण्याचं काम. पसंती त्याच्या हातात दिली की झाला वशिला.” मी ते वाक्य लिहून ठेवलं आहे. मला कुणी विचारलं की मी जागा कळवते, आणि निवडीच्या खोलीत जात नाही.

दिवाळीत गावी आले तेव्हा डबा जागेवरच होता. पोरं आपणहून फोन त्यात टाकत होती. वाळूच्या खड्ड्याशेजारी मात्र तिकाटण्यावर तुमचा स्वतःचा फोन उभा होता आणि आठवीतली एक बारकी पोर वाशाकडे पळत येत होती. तुम्ही स्टॉपवॉच दाबलंत, वही उघडलीत, मग तिला जवळ बोलावून स्क्रीनवर तिचाच पाय दाखवलात. ती तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

सर, बारावी वही सुरू झाली असेल. तिच्या पानांचे फोटो पाठवा, नावं मी काढून घेईन. ताईही विचारत होत्या. आणि त्या बारक्या पोरीला सांगा, डाव्या पायावरही उतरायला शीक.

तुमची विद्यार्थिनी