चीन संपला म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा अग्रलेख वाचला. चीनचा फुगा फुटला म्हणे. भाषा झकास होती, त्यात वाद नाही. पण 2021 ला त्यांची बडी बिल्डर कंपनी एव्हरग्रँड गोत्यात आली तेव्हाही तुमच्याकडे साधारण हेच छापून आलं होतं, 2022 ला त्यांची लोकसंख्या घटली तेव्हा परत तेच. आणि ह्या फुटलेल्या फुग्याने 2024 ला जगाला जेवढं विकलं आणि जगाकडून जेवढं घेतलं त्यातला फरक किती, तर जवळजवळ 1 लाख कोटी डॉलर! असं फुटायला आम्हालाही आवडेल.

माझं भोसरीला प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, मशीन चीनमधल्या निंगबोचं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या कंट्रोलरचं कार्ड उडालं. ज्या डीलरकडून मशीन घेतलं तो फोन उचलेना, उचललाच तर 'सर आमचे इंजिनीअर साइटवर आहेत, उद्या पाठवतो'. हा उद्या काही उगवला नाही, मशीन बंद, पोरं बसून पगार घेतायत, पार्टीचे रोज फोन. शेवटी वैतागून निंगबोच्या कंपनीतल्या सेल्सवाल्या मुलीला मेसेज टाकला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे तिकडे बारा. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल! कॉलवर एका टेक्निशियनलाही घेतलं तिने, बिचारा बनियनवर होता, बहुतेक झोपेतून उठवला असावा. कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा म्हणाला, धरलं, जरा तिरकं करा म्हणाला, केलं, आणि फुगलेला कपॅसिटर त्याने तिथून दाखवला, जो आम्ही इथे चार जण टॉर्च मारून बघत होतो तरी दिसला नव्हता. कार्ड त्याच आठवड्यात कुरियरने निघालं. मग अडकलं कुठे? आपल्या कस्टममध्ये. आणि माणूसच बोलवावा म्हटलं तर 2020 च्या गलवानच्या चकमकीनंतर त्यांच्या टेक्निशियनला व्हिसा मिळायची तेव्हा मारामार होती.

'स्वस्त मजुरीवर उभा राहिलेला देश' असं तुम्ही लिहिलंय. अहो, ते केव्हाचं झालं? मजुरी आता आपल्याकडे त्यांच्यापेक्षा स्वस्त, व्हिएतनामला पण स्वस्त. तिकडे मोल्डवाला, स्टीलवाला, हीट ट्रीटमेंटवाला, स्क्रूवाला सगळे तासाभराच्या अंतरावर बसलेत आणि रात्री बाराला फोन उचलतात, हा फरक आहे. जगातल्या कारखान्यांचा साधारण 30 टक्के माल एकटा देश काढतो, तो काय नुसत्या मजुरीवर?

कमजोरी नाही असं मी म्हणत नाही. त्याच मुलीने नंतर सांगितलं, फ्लॅट बुक केलाय, हप्ते चालू आहेत आणि बिल्डिंग अर्धी उभी, बिल्डर गायब. 2022 ला तिकडे अशा कितीतरी लोकांनी हप्तेच भरायचे बंद केले होते. घरात पैसा असा अडकला की माणूस बाजारात हात आखडतो. तसाही तिकडे घरोघरचा खर्च जीडीपीच्या 40 टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडे तो 60. त्यांच्या तरुणांची बेकारी 2023 च्या जूनमध्ये 21.3 टक्के झाली तर पुढे काही महिने आकडाच छापायचा बंद केला (ही आयडिया आपल्याकडच्यांना कळू देऊ नका). पण कारखाने काही थांबत नाहीत. घरात खपत नाही तो माल जाणार कुठे? ट्रम्पसाहेबांनी एप्रिल 2025 मध्ये चिनी मालावरचा टॅरिफ, म्हणजे आयात कर, 145 टक्क्यांवर नेला, मे मध्ये खाली आणला, पण तेवढ्यात जहाजांनी अमेरिकेकडून दुसरीकडे तोंडं फिरवली ती फिरवलीच.

त्यातलं एखादं न्हावाशेवाला लागतं. माझी एक जुनी पार्टी होती, मिक्सरची बटणं आणि नॉब घ्यायची. एक दिवस त्यांच्या परचेसवाल्याने टेबलावर चिनी नॉब ठेवला आणि भाव सांगितला. मला जेवढ्याला प्लास्टिकचा कच्चा दाणा पडतो तेवढ्यात त्यांना तयार नॉब घरपोच! मी हातात घेऊन बघितला, कडेला फ्लॅश (साच्यातून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक) नाही, गेट (जिथून माल साच्यात शिरतो तो तुकडा) कुठे तोडलाय ते शोधावं लागत होतं. काय बोलणार. तर तुम्ही ज्या कमजोरीवर टाळ्या वाजवताय ती अशी आमच्या पोटावर पाय देते. आणि ताकद बघायची असेल तर मॅग्नेट बघा. त्यांनी एप्रिल 2025 ला रेअर अर्थच्या, म्हणजे मोटरच्या मॅग्नेटला लागणाऱ्या धातूंच्या, निर्यातीला परवान्याची अट घातली आणि इथे आकुर्डीच्या बजाजवाल्यांच्या इलेक्ट्रिक चेतकचं प्रॉडक्शन कमी करायची पाळी आली. 2024-25 ला त्यांच्याशी आपली व्यापारातली तूट 9,900 कोटी डॉलरच्या पुढे होती, ते अग्रलेखात कुठे दिसलं नाही, की माझ्या नजरेतून सुटलं?

शेवटी तुमची ती नेहमीची ओळ, 'भारताने ही संधी साधावी'. साधतो की! फक्त लाइट टिकू दे. पावसाचे चार थेंब पडले की फिडर ट्रिप होतो, बॅरलमधला माल जळून काळा होतो, तो साफ करून पहिला चांगला शॉट निघेपर्यंत अर्धी पाळी गेलेली असते. ह्याच्यावर एक अग्रलेख लिहा, मी फ्रेम करून शॉपमध्ये लावतो.

आणि जाता जाता, पहिल्या पानावरच्या त्या जाहिराती. बातमी शोधायला पानं उलटत बसायचं, रविवारी तर विचारूच नका. परवा 'स्वदेशी वापरा' असं ठळक छापलेलं पान होतं, त्याच्या पाठीला चिनी मोबाइलची पानभर जाहिरात. निदान पान तरी वेगळं द्यायचं!

मागच्या पत्राला तुम्ही कात्री लावलीत. ह्यालाही लावणारच असाल तर टॅरिफबिरिफ काढा, डीलरवाला भाग ठेवा. तो डीलर पेपर तुमचाच घेतो.

– एक लघुउद्योजक, भोसरी