पेनी ब्लॅकला दाते आणि प्लेट ७७ ला बाजारभाव : तुमच्या नवीन कॅटलॉगबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग (आणि जमलं तर संपादक विभाग, असा काही असेल तर)

विषय : राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या ब्रिटिश पोस्टाच्या तिकिटांचा तुमचा सचित्र कॅटलॉग, नवीन आवृत्ती. एक फॉर्मा गायब आणि चुकांचा ढीग.

नमस्कार,

ही माझी चौथी तक्रार. आधीच्या तिन्ही तुमच्या साइटवरच्या त्या चौकोनात लिहिल्या होत्या, तिथे पाचशे अक्षरांच्या पुढे टाइपच होत नाही. तिन्ही वेळा उत्तर आलं की "आपलं तिकीट नोंदवण्यात आलं आहे" आणि दोन दिवसांनी "आपलं तिकीट क्लोज करण्यात आलं आहे". मी गेली बावीस वर्षं तिकिटं जमवतेय, पण इतकी निरुपयोगी तिकिटं माझ्याकडे दुसरी नाहीत. म्हणून आता सविस्तर पत्रच लिहितेय, जरा लांबेल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा आणि जो वाचेल त्याने "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच पाठवू नका.

पुस्तक हातात आलं तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. कव्हरवर तुम्ही पेनी ब्लॅक (ब्रिटनचं पहिलं पोस्टाचं तिकीट) छापलंय, छान मोठं, एम्बॉस वगैरे करून, आणि त्याला चारही बाजूंनी दाते आहेत. अहो, १८४० चं तिकीट आहे ते! तेव्हा दाते हा प्रकारच नव्हता, पोस्टातला माणूस कात्रीने कापून द्यायचा, म्हणून तर चारही मार्जिन शाबूत असलेली प्रत मिळाली की लोक नाचतात. दातेवाली तिकिटं ब्रिटनमध्ये रीतसर विकायला आली ती १८५४ मध्ये. मी म्हटलं जाऊ दे, कव्हर डिझायनरने केलं असेल, तिकीट म्हणजे दाते असं कुणालाही वाटतंच, आतलं काम जाणकाराने केलं असेल. इथेच फसले.

आधी छपाईचं सांगते कारण ते सिद्ध करायला सोपं आहे. माझ्या प्रतीत पान ११२ नंतर परत पान ९७ येतं. ९७ ते ११२ दोनदा, आणि त्यानंतर थेट १२९. म्हणजे सोळा पानांचा एक फॉर्मा दोनदा बांधला गेलाय आणि ११३ ते १२८ चा फॉर्मा पडला कुठेतरी तुमच्या बाइंडरकडे. आणि गायब काय झालंय तर नेमका १८५५ ते ५७ चा भाग, ज्याच्यासाठी मी हे पुस्तक घेतलं. पेनी रेड (पेनी ब्लॅकनंतर आलेलं एका पेनीचं लाल तिकीट) जमवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त डोकं तिथेच खाल्लं जातं. १६ चे दाते की १४ चे, स्मॉल क्राउन की लार्ज क्राउन (कागदातल्या मुकुटाच्या वॉटरमार्कचे दोन प्रकार), डाय एक की डाय दोन (राणीच्या चित्राचे दोन मूळ साचे), आणि हे सगळं एकमेकांत मिसळलेलं, कारण १६ च्या दात्यांनी शीट फारच सहज फाटायला लागल्या म्हणून १८५५ मध्ये १४ वर आले, त्याच वर्षी डाय बदलला, त्याच वर्षी वॉटरमार्कपण बदलला. राणीच्या पापणीचं शेडिंग भिंगातून बघत बसायचं आणि शेजारी पुस्तक उघडं ठेवायचं, तर पुस्तकात त्या जागी परत १८४१ चं बिनदात्याचं पेनी रेड. दुसऱ्यांदा. त्याच पानावर तोच शाईचा ठिपका.

बाइंडिंगबद्दल फार बोलत नाही. शिवलेलं नाहीये, नुसतं चिकटवलंय. हे पुस्तक टेबलावर सपाट उघडून वापरायचं असतं, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात भिंग, पान धरायला तिसरा हात कुणाकडे नसतो. तीन आठवड्यांत मधली पानं सुटली.

आता मजकूर. मागे जी परिभाषा दिलीय त्यात लिहिलंय की पर्फोरेशनचा, म्हणजे दात्यांचा, आकडा म्हणजे "एका इंचातली भोकं". नाही हो. दोन सेंटिमीटरमधली. जगभरात हेच माप आहे. इंचाने मोजलं तर १४ चं तिकीट १८ च्या आसपास येतं, म्हणजे नवशिक्याने पट्टी घेऊन मोजलं तर त्याचं एकही तिकीट तुमच्या यादीत बसणार नाही आणि त्याला वाटेल आपल्याकडे काहीतरी अद्भुत सापडलंय. मला खात्री आहे आत्ता या घडीला कुणीतरी अशा आनंदात बसलंय.

तिथेच खाली तिकिटाच्या कोपऱ्यातल्या, शीटमधली त्याची जागा सांगणाऱ्या अक्षरांबद्दल लिहिलंय "एए ते झेडझेड". तेही नाही. शीटमध्ये २० ओळी आणि दर ओळीत १२ तिकिटं, म्हणून एए पासून टीएल पर्यंत, एकूण २४०. आणि हे २४० आकाशातून पडलेलं नाही, तेव्हा एका पौंडात २४० पेन्स होते, एक ओळ म्हणजे एक शिलिंग, पूर्ण शीट म्हणजे एक पौंड, पोस्टातल्या माणसाला हिशोब सोपा. हे एकदा कळलं की माणूस झेड लिहूच शकत नाही. ज्याने लिहिलंय त्याने आयुष्यात एकही पेनी रेड हातात धरलेलं नाही असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

वॉटरमार्कची चित्रं पुढून बघितल्यासारखी आहेत की मागून ते कुठेच लिहिलेलं नाही. रंगांचं तर विचारूच नका. "संपूर्ण रंगीत" म्हणून जाहिरात केलीत, पण रोझ रेड, लेक रेड सगळंच एकसारखं विटकरी छापलंय. रंगछटेवरून किंमत बदलते असं तुम्हीच प्रस्तावनेत म्हणता आणि शेजारी तीन एकसारख्या विटा छापता.

बरं, हे सगळं मी पोटात घातलं असतं. पेन्सिलीने दुरुस्त्या करून वापरलं असतं, जुन्या आवृत्तीत करत होतेच. पण आता मुख्य गोष्ट, ज्याच्यामुळे हे पत्र लिहितेय.

पान १४१ वर प्लेट नंबरांचा (तिकिटं ज्या छपाईच्या पत्र्यावरून छापली त्याच्या नंबरांचा) तक्ता आहे. १८६४ पासूनच्या पेनी रेडवर प्लेटचा नंबर दोन्ही बाजूंच्या जाळीदार नक्षीत बारीक कोरलेला असतो, ७१ ते २२५, आणि सगळे नंबर जमवणं हाच त्यातला खेळ. तुमच्या तक्त्यात ७१ पासून २२५ पर्यंत एकही नंबर न चुकता दिलाय आणि प्रत्येकासमोर किंमत. वा. फक्त ७५, १२६ आणि १२८ या प्लेट्सची तिकिटं कधी निघालीच नाहीत! प्लेट खराब निघाल्या म्हणून वापरल्याच गेल्या नाहीत. जे तिकीट अस्तित्वात नाही त्याची वापरलेल्या प्रतीची वेगळी किंमत आणि न वापरलेल्याची वेगळी किंमत तुम्ही छापलीय. आणि प्लेट ७७! ती पण बाद केलेली प्लेट, पण तिची काही तिकिटं कशीतरी बाहेर गेली आणि आज जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माहीत आहेत. माणसं आयुष्यभर शोधतात आणि मिळत नाही. तुमच्या तक्त्यात तिची किंमत ७६ आणि ७८ इतकीच आहे. तंतोतंत. मला तर स्पष्ट दिसतंय काय झालं असेल, कुणीतरी एक्सेलमध्ये वरच्या सेलचा कोपरा धरून खालपर्यंत ओढला आणि चहाला गेला.

आता तुम्ही म्हणाल टायपो आहे, काय एवढं. तर ऐका.

माझ्या भाच्याला मीच हा नाद लावला. सोळा वर्षांचा आहे, वाढदिवसाला त्याला मीच तुमचा हा कॅटलॉग दिला (हो, दोन प्रती घेतल्यात मी तुमच्या, त्याच्यात फॉर्मा बरोबर आहे, नशीब त्याचं). त्याला एका अनोळखी विक्रेत्याने ऑनलाइन ७७ विकायला काढलेलं दिसलं, त्याने शहाण्यासारखं पुस्तक उघडून बघितलं, पुस्तकात किंमत साधी, विक्रेता मागतोय त्याच्या तिप्पट, मुलाला वाटलं जरा महाग आहे पण सीरिजमधला एक नंबर भरेल, आणि साठवलेले पैसे घालून घेऊन टाकलं. मग घेऊन आला माझ्याकडे दाखवायला, "मावशी, सत्त्याहत्तर मिळालं."

मी काहीच न बोलता भिंग घेतलं. डाव्या बाजूच्या नक्षीत ७७ दिसत होतं खरं, पण त्याच्या अगदी लगत पोस्टाच्या शिक्क्याची जाड काळी रेघ गेलेली. तिकीट दिव्याखाली तिरकं केलं तर त्या शाईच्या खालून एक बारीक उभी रेष, इतर रेषांपेक्षा किंचित उंच. मग उजवी बाजू. तिथे शिक्का अर्धवटच होता आणि एक, सात, सात असे तिन्ही आकडे होते, दुसरा सात जरा पुसट, पण होते. प्लेट १७७. सर्वसाधारण, ढिगाने मिळणारं तिकीट. १७७ मधला एकचा आकडा शाईखाली लपवून किंवा खरवडून त्याचं ७७ करणं ही या छंदातली फार जुनी फसवणूक आहे, कुठल्याही बऱ्या कॅटलॉगमध्ये तिथे सावधानतेची ओळ असते. तुमच्यात नाही. नंबर दोन्ही बाजूंना असतो हेही तुमच्यात नाही, चित्र आहे ते फक्त डाव्या बाजूचं, म्हणून पोराने उजवीकडे बघितलंच नाही.

त्याला सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला की पुस्तकात तर तसं काही नव्हतं. याच्यावर मी काय बोलणार होते? पुस्तक मीच दिलेलं.

तुमच्या लक्षात येतंय का नेमकं काय झालं? तुम्ही जर तिथे "अतिदुर्मिळ" एवढं लिहिलं असतं, किंवा किमतीच्या जागी नुसती आडवी रेघ मारली असती, तरी त्याला कळलं असतं की या भावात ७७ मिळूच शकत नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे. तुमच्या आकड्याने त्या भामट्याचा भाव पटण्यासारखा केला. किंमत चुकली तर मी समजू शकते. किंमत हा शेवटी अंदाजच असतो, कॅटलॉगची किंमत म्हणजे बाजारात मिळणारी किंमत नव्हे हे आम्हाला माहीत आहे, निम्म्याने पण मिळतं, कधी त्याहून कमी, आणि सगळ्यात तळाची जी किंमत असते ती तर तिकिटाची नसतेच, डीलरने ते शोधून, पाकिटात घालून द्यायची मजुरी असते. त्यावरून कुणी तुमच्याशी भांडायला येणार नाही. पण तिकीट निघालं की नाही, दाते किती, नंबर कुठे असतो, हे अंदाजाचं काम नाहीये. ते मोजून, बघून लिहायचं असतं.

आणि किमतींवरून आठवलं, मी जुनी आवृत्ती शेजारी ठेवून कॅल्क्युलेटरवर चाळीसेक नोंदी ताडून बघितल्या. सरसकट दहा टक्के वाढ. स्वस्त तिकीट, महाग तिकीट, कुणी विचारत नाही असं, सगळ्यांना दहा टक्के. "नव्या बाजारभावांसह पूर्ण सुधारित" असं जे कव्हरवर लिहिलंय ते याला म्हणतात का? जुन्या आवृत्तीत ७७ समोर रेघ होती, मी आत्ताच परत बघितलं. रेघेला दहा टक्के लावता येईना म्हणून मग शेजारचा आकडा ओढला, असंच ना?

तुमच्या चॅटवरच्या त्या मुलीने (किंवा मशीनने) मला सांगितलं की पुस्तक सात दिवसांत, न वापरलेल्या स्थितीत परत केलं तर रिफंड मिळेल. ताई, कॅटलॉगमधली चूक सात दिवसांत कळत नाही, ती त्या पानाचं काम पडेल तेव्हा कळते, कधी सहा महिन्यांनी. आणि मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. फॉर्मा गायब आहे हे दाखवायला मी पाकीट फोडतानाचा व्हिडिओ कशाला हवा, पान नंबरांचे फोटो पाठवलेत ना, ११२ च्या समोर ९७ दिसतंय त्यात.

मला काय हवंय ते साधं आहे. माझ्या प्रतीतला गायब फॉर्मा छापून पाठवा, सुटा पाठवलात तरी चालेल, मी बांधून घेईन. दुसरं म्हणजे एक शुद्धिपत्र काढा, एक पानाचं, पूर्वी पुस्तकात लाल कागदावर घालून यायचं तसं, आणि ते ज्यांनी ज्यांनी ही आवृत्ती घेतलीय त्या सगळ्यांना पाठवा, ईमेल तर आहेतच तुमच्याकडे, दर आठवड्याला ऑफर पाठवता तेव्हा सापडतात की सगळ्यांचे. त्यात ७५, ७७, १२६, १२८ सगळ्यात वर टाका, पर्फोरेशनचं माप टाका, बाकीचं मी लिहिलंय त्यातून उचला, फुकट देतेय. भाच्याचे पैसे तुम्ही भरा असं मी म्हणत नाही, ते त्या विक्रेत्याशी बघतोय आम्ही. पण त्याला एक पत्र लिहा. त्याच्या नावाने, माणसाने लिहिलेलं, की चूक आमची होती. तो आठवडाभर अल्बमला हात लावत नाहीये.

आणि कृपया पुस्तक परत न्यायला कुरियरवाला पाठवू नका, कालच एक येऊन गेला, मी त्याला तसाच परत पाठवला, बिचारा गोंधळला. पुस्तकात आता माझ्या पेन्सिलीच्या इतक्या खुणा आहेत की ते तुमच्यापेक्षा माझंच जास्त झालंय. मला ९७ ते ११२ परत द्यायची आहेत आणि ११३ ते १२८ हवी आहेत, एवढंच.

तुमची जुनी गिऱ्हाईक
(ऑर्डर नंबर तीनही क्लोज केलेल्या तिकिटांवर आहे)