बाबांच्या गाडीचा बंपर आणि काकूंची चाळणी

प्रिय काका,

सादर नमस्कार. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

खांबाला घासून पुढच्या बंपरला वीतभर तडा गेला, तेव्हा गॅरेजमधून एकच उत्तर मिळालं: अख्खा बंपर बदला. बाबा गेल्यानंतर त्यांची म्हणावी अशी ही गाडीच उरली आहे. तिचं काही टाकून द्यायला माझं मन होईना. मी झटपट चिकटणारा गम लावून पाहिला. दोन दिवसांत तडा पुन्हा उघडला, आणि पुढे सरकला.

तुम्ही आधी बंपरमागचा लोखंडी बीम तपासलात. धक्का तो झेलतो. तो वाकला असता तर तुम्ही कामाला हातच लावला नसता. मग बंपर ओट्यावर पालथा घालून साबणाने धुवायला लावलात आणि बॅटरीच्या उजेडात आतली बारीक अक्षरं दाखवलीत: पीपी + ईपीडीएम. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, रबर मिसळलेलं. ‘याला गम धरत नाही गं. त्याच्याच जातीच्या प्लॅस्टिकने सांधायचं.’ भंगारातून तोच शिक्का असलेला तुकडा शोधून त्याच्या पट्ट्याही तुम्हीच कापल्यात.

तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलंत. टोक अणकुचीदार असलं की सगळा ताण तिथेच येतो. भोक गोल, म्हणून तो पसरतो. मागून काकूंच्या जुन्या चाळणीची स्टीलची जाळी गरम सोल्डरिंग आयर्नने दाबून प्लॅस्टिकमध्ये बुडवायची होती. इथे तुम्ही आयर्न माझ्या हातात दिलंत. माझा हात रेंगाळला, धूर निघाला, कड तपकिरी झाली. ‘धूर म्हणजे जळतंय. जळलेलं धरणार नाही, खरवडून काढ.’ हे प्लॅस्टिक १६० अंशांच्या आसपास वितळतं, आयर्न त्याच्या दुप्पट तापतं. टेकवायचं, सरकवायचं, उचलायचं. पुढून खाच पाडून पट्ट्या भरायला घेतल्या, आणि तिसऱ्या पट्टीला दोन्ही कडा लोण्यासारख्या मऊ होऊन एकमेकींत मिसळताना दिसल्या. त्या क्षणी तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त मान हलवलीत. मला ती मान अजून दिसते.

मग पॉलिश पेपर, खरखरीत ८० नंबरपासून बारीक ३२०पर्यंत, आणि रंगाआधी प्लॅस्टिकचा प्रायमर, नाहीतर पोपडे येतात. अख्खा पावसाळा खड्ड्यांतून गाडी फिरली. सांधा जागचा हललेला नाही.

काकूंसाठी नवी चाळणी घेतली आहे. आणि काल खालच्या मजल्यावरचा मुलगा स्कूटरचं फुटलेलं पॅनल घेऊन आला. मी आधी ते उलटं केलं. आत एबीएस लिहिलं होतं, म्हणजे वेगळ्याच जातीचं प्लॅस्टिक. आपल्या उरलेल्या पट्ट्या त्याला चालायच्या नाहीत, म्हणून आयर्न तापवलं नाही. रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो.

तुमची,
वरच्या मजल्यावरची