निर्लेखनाआधी इमारतीचा सांगाडा तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

विदर्भात तालुक्याच्या गावी 40-50 वर्षांपूर्वी बांधलेली तीनमजली कचेरी गळू लागली, की निर्लेखनाचा, म्हणजे इमारत निकामी ठरवून पाडण्याचा, प्रस्ताव निघतो. आधी सांगाडा तपासून घ्या, ही आमची कळकळीची विनंती. काँक्रीटवर ठोका मारून त्याच्या उसळीवरून टणकपणा मोजणाऱ्या नुसत्या रिबाउंड हॅमरवर विसंबू नये. त्याने वरचा थर तेवढा कळतो, आणि कार्बोनेशन झालेले, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेले, जुने काँक्रीट असते त्याहून टणक भासते. आतून ध्वनिलहरी सोडून पाहणारी अल्ट्रासॉनिक चाचणी हवी, कोअर, म्हणजे काँक्रीटचे नळकांड्यासारखे नमुने, काढून ताकद पाहण्यासाठी दाबायलाही हवेत.

बिघाडाचे मूळ बहुधा पाणी, पण दरवेळी पावसाचे नव्हे. छज्जावर कूलर ठेवलेला असतो. सगळा उन्हाळा त्याची टाकी ठिबकते, छज्जा ओला राहतो, आतली सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो खालचे काँक्रीट ढकलतो आणि पोपडे सुटतात. त्यावर गिलावा थापला, तर एक-दोन पावसाळ्यांत तो खाली येतो. आणि खाली सातबारा, दाखल्यांसाठी आलेली माणसे उभी असतात. सळईमागे 20 मिमी, म्हणजे बोट फिरेल इतके, खोदावे. गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक लेप द्यावा, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरावे. सळई झिजली असेल तर जोडीला नवी द्यावीच लागते. कूलरला छज्जाबाहेर वेगळा स्टँड आणि निचऱ्याची नळी द्या.

गच्चीवर जुन्या कोब्यावरच (पाणी अडवण्यासाठी घातलेल्या थरावरच) नवा कोबा घालतात. 10 सेंमी जाडीच्या विटांच्या कोब्याने दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार वाढतो. जुना थर उतरवून 1:100 उतार द्यावा, वर पांढरा चायना मोझॅक (चकचकीत फरशीचे तुकडे) बसवावा. सोलरचे काँक्रीटचे पाय जलरोधनाआधीच ओतावेत. नंतर ड्रिल मारले की गळती ठरलेली. 25 किलोवॅटला साधारण 250 चौरस मीटर गच्ची लागते, दिवसाला सरासरी शंभरेक युनिट वीज मिळते. कचेरीचे काम दिवसाचेच, त्यामुळे ती जागच्या जागी वापरता येते.

गच्चीचे पाणी पायाशी सोडू नये. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. पन्हाळीचा पाइप पायापासून दूर शोषखड्ड्यात न्यावा.

पश्चिमेच्या भिंतीला मात्र काच लावूच नका. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तिथे उभ्या पट्ट्यांची सावली हवी. अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी याच बाबीला, आणि पीओपीचे छत तेवढे शाबूत राहते.

ज्या निर्लेखन प्रस्तावाला कोअर चाचणीचा अहवाल जोडलेला नाही, तो परत पाठवण्याचे आदेश आपण द्यावेत.

आपले,
विदर्भातील स्थापत्य अभियंते व वास्तुविशारद