आधी धुवा, मग औषध लावा

महोदय,

मी निवृत्त परिचारिका. ड्रेसिंगच्या खोलीत ३० वर्षं गेली, आता कळव्याला खारेगावात राहते. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलाच्या पायाची पट्टी सोडली आणि राहवेना, म्हणून हे पत्र.

पावसात सायकल घसरून त्याची नडगी फाटली. आईने घाबरून त्यावर तपकिरी औषध भरपूर ओतलं, कापूस ठेवला आणि करकचून पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा कापूस जखमेला चिकटलेला, कडा लाल, हाताला गरम लागत होत्या. पू पुसला तर खाली रस्त्यावरची काळी कच तशीच. त्या माउलीने काही कमी केलं नव्हतं, फक्त आधी जखम धुतली नव्हती.

ते तपकिरी औषध म्हणजे पोव्हिडोन आयोडीन, आणि ते उत्तम औषध आहे. १० टक्क्यांच्या द्रावणात वापरात येणारं आयोडीन १ टक्का. ते हळूहळू सुटतं, म्हणून जुन्या टिंक्चर आयोडीनइतकं झोंबत नाही. पण रक्त, पू, माती असली की ते त्यांच्यावरच खर्च होतं आणि जंतू वाचतात. तपकिरी रंग उडाला की आयोडीन संपलं समजायचं. म्हणून आधी नळाच्या धारेखाली जखम चांगली धुवा, कच काढा, मग औषध लावून वाळू द्या. लावल्या लावल्या पुसू नका.

बाटलीवरचं नावही वाचा. आमच्या सोसायटीच्या प्रथमोपचार पेटीत ‘स्क्रब’ निघालं! त्यात साबण असतो, ते ऑपरेशनआधी हात धुवायला. उघड्या जखमेवर लावून ठेवायचं ते नव्हे; ‘सोल्यूशन’ किंवा मलम हवं. थायरॉईडचा त्रास असेल, बाई गरोदर असेल किंवा बाळ तान्हं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, मग आयोडीन, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. औषध लावलंय, आता सुई कशाला, असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.

आमच्या पेटीत मी आता साबणाची वडी ठेवली आहे. ठाण्यातल्या शाळांनी आणि कारखान्यांनीही ती ठेवावी, एवढी विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, खारेगाव, कळवा