हिशेब सांभाळणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही छापायचे नाही, ही आपली अट पाळून हे पत्र लिहीत आहे. आपण आमच्या संस्थेसाठी जे केले ते अशाच इतर लहान संस्थांनाही उपयोगी पडेल, असे कार्यकारिणीला वाटल्याने ते जाहीरपणे लिहिण्याची परवानगी आम्ही मागितली आणि आपण ती दिलीत, यासाठी पहिले आभार.

विज्ञानाचा प्रसार आणि धर्मनिरपेक्षतेचा विचार यांसाठी झटणाऱ्या संस्थेला कार्यकर्ते मिळतात, पैसा मात्र मिळत नाही. शाळेत हळदीच्या पाण्यात चुना टाकून ते लालभडक करून दाखवायला, किंवा पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब सोडून काडेपेटीशिवाय जाळ काढून दाखवायला खर्च फारसा येत नाही. खर्च येतो तो शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांपर्यंत पोहोचण्याचा, आणि त्याहून अधिक जटा निर्मूलनासारख्या, म्हणजे देवीच्या नावाने बाईच्या डोक्यावर राखलेली जट काढण्याच्या, कामाचा. जट कापण्याचे काम एका बैठकीत होते. तो जड, कडक झालेला केसांचा गठ्ठा कात्रीला सहज दाद देत नाही. मुळाशी बोटे घालून, थोडा थोडा करून तो सोडवावा लागतो आणि खाली टाळूवर पुष्कळदा जखमा निघतात. पण त्या बैठकीआधी देवीच्या कोपाचे भय घालवण्यासाठी त्या बाईच्या घरी वारंवार जावे लागते, आणि नंतरही कोणीतरी जात राहावेच लागते, कारण त्या दिवसांत घरात कोणी आजारी पडले किंवा म्हैस आटली, तरी दोष जट कापल्यालाच दिला जातो. या जाण्यायेण्यासाठी अनुदानाच्या कोणत्याही अर्जात रकाना नसतो. आपण मात्र आमच्या खर्चपत्रकात ‘पाठपुरावा’ असे स्वतंत्र खाते उघडलेत आणि त्यातला प्रत्येक एसटीचा प्रवास नोंदवायला लावलात. आमच्या कामातील सर्वांत कष्टाचा भाग त्यामुळे प्रथमच आकड्यांत दिसला.

जिल्ह्यातील एका उद्योगाने देऊ केलेल्या निधीचा प्रसंग येथे सविस्तर लिहिला पाहिजे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आहे. ज्या कामांवर हा खर्च करता येतो त्यांच्या यादीत शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आहे, पण अंधश्रद्धेविरुद्धच्या प्रबोधनाचा नावाने उल्लेख नाही. त्या उद्योगाची तयारी शिक्षणाच्या नावाखाली मोठी रक्कम देण्याची होती. अट एवढीच, की प्रयोग दाखवावेत, परंतु बुवाबाजीविषयीचे सत्र आणि संविधानाचे सत्र वगळावे. वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे, आणि नेमके तेच वाचून दाखवू नये, असा त्याचा अर्थ होत होता. कार्यकारिणीत यावर तीव्र मतभेद झाले. आपण कोणाचीही बाजू घेतली नाहीत. त्या रकमेतून कोणता खर्च भागेल, कोणते काम बंद पडेल आणि तेच काम चालू ठेवायचे तर दरमहा शंभर रुपये देणारी किती माणसे लागतील, हे आपण एका कागदावर मांडून समोर ठेवलेत. तो कागद पाहिल्यावर निर्णय एकमताने झाला आणि आम्ही निधी नम्रपणे नाकारला.

मासिक वर्गणीची ती कल्पना पुढे आपणच उभी केलीत. मंगळवार पेठ, राजारामपुरी, शाहूपुरीत आपण स्वतः आमच्यासोबत आलात. लोक देणगी द्यायला तयार असत, पण नाव जाहीर होण्याला भीत असत. 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच कोल्हापूर शहरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्याआधी 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती. ही भीती निराधार आहे, असे कोणी म्हणू शकत नाही. दुसरीकडे, नाव-पत्ता न नोंदवता घेतलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर त्यांवर संस्थेला तीस टक्के कर भरावा लागतो. नाव वहीत आणि आयकर विभागाकडील विवरणात असेल, छापील अहवालात नसेल, हे आपण प्रत्येक देणगीदाराला घरी बसून समजावलेत. पावतीवर त्यांच्यासमोर सही करून देण्याचा आपला आग्रहही मला फार मोलाचा वाटला.

आयकराच्या नव्या पद्धतीत देणगीवरची (80जीची) वजावट मिळत नाही, त्यामुळे काही जुने देणगीदार थांबले. हेही आपण आधीच सांगून ठेवले होते, म्हणून आम्ही सावध होतो. ‘तुम्हाला परदेशातून पैसा येतो का?’ हा प्रश्न तर दारोदार ऐकावा लागे. परकीय निधी एक रुपयाही घेतलेला नाही, हे वाक्य आपण वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला लावलेत, आणि तेव्हापासून त्या प्रश्नाला आमच्याकडे छापील उत्तर आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, तेव्हा त्यामागे संस्थानची तिजोरी होती. आमच्यामागे आज दरमहा शंभर रुपये देणारे रिक्षाचालक, शिक्षिका, निवृत्त कारकून आणि गूळ अडत्याकडचे दिवाणजी आहेत. एवढ्या लोकांना आम्ही उत्तर देणे लागतो ही जाणीव जड आहे, पण त्यांपैकी एकाच्याही रागामुळे आमचे सत्र बंद पडणार नाही, हे स्वातंत्र्य आपल्यामुळे मिळाले.

2 ऑगस्ट 2027 चे सूर्यग्रहण आपल्याकडे सायंकाळी खंडग्रास दिसणार आहे. त्या वेळी मुलांना घरात कोंडून न ठेवता मैदानावर आणायचे, तर सुरक्षित चष्मे आधीच घ्यावे लागतील. त्यासाठी स्वतंत्र निधी बाजूला ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. त्याचे अंदाजपत्रक सोबत पाठवत आहे. आपल्या सवडीने तपासून द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
खजिनदार,
कार्यकारिणीच्या वतीने, कोल्हापूर