शाळेतले स्वसंरक्षण: कवायत पुरे, सराव हवा
शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सविनय नमस्कार.

शाळांमधले स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण चालू राहावे, याबद्दल वाद नाही. पण त्या नावाखाली बहुतेक ठिकाणी जे चालते, ती निव्वळ कवायत आहे. मैदानात रांगा, शिट्टीच्या तालावर हवेत ठोसे, समारोपाला पाहुण्यांसमोर कौले फोडायची, मग प्रमाणपत्रे आणि फोटो. अहवालात ‘इतक्या मुली प्रशिक्षित’ असा आकडा जातो आणि विषय संपतो.

मी हेच शिकवते, म्हणून लिहिते आहे. कराटे-ज्युदोला नावे ठेवायची नाहीत. शरीर कमवायला आणि शिस्त लागायला त्या कला उत्तमच. पण त्यात समोरचा किती अंतरावर उभा राहणार, कधी सुरुवात करणार, कधी थांबणार हे ठरलेले असते. जिन्यात किंवा गाडीच्या मागच्या सीटवर यातले काहीच ठरलेले नसते. इमी लिख्टेनफेल्ड हा कुस्ती आणि मुष्टियुद्धातला कसलेला खेळाडू. 1930 च्या दशकात ब्रातिस्लाव्हात (आजच्या स्लोव्हाकियाच्या राजधानीत) ज्यू वस्तीवर चालून येणाऱ्या टोळ्यांशी त्याला गल्लीत भिडावे लागले, तेव्हा स्पर्धेतले कसब तिथे तसेच्या तसे चालत नाही हे त्याला कळून चुकले. पुढे त्याने ‘क्राव्ह मगा’ ही पद्धत घडवली. तिच्यात डाव मोजके असतात, शरीराच्या उपजत हालचालींवर बेतलेले असतात, आणि संधी मिळताच तिथून निसटायचे असते. शाळेत हीच पद्धत हवी असा माझा हट्ट नाही. विचार मात्र हाच हवा.

आमच्या वर्गात सुरुवात आवाजापासून होते. समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘थांब, मागे हो’ म्हणायचे. ऐकायला सोपे वाटते ना? पहिल्या दिवशी निम्म्या मुली फिदीफिदी हसतात, काहींचा आवाज घशातच अडकतो, एखादी तर शेवटी ‘प्लीज’ जोडते. मोठ्याने बोलू नये हे वर्षानुवर्षे अंगी मुरवलेले असते. ते एका शिबिरात निघत नाही.

मनगट पकडले तर मुली सरळ मागे ओढतात, आणि पकड आणखी घट्ट होते. मुठीचा कच्चा दुवा म्हणजे अंगठा आणि बोटे भेटतात ती फट. कोपर वाकवून मनगट त्या फटीकडे वळवायचे आणि झटक्यात काढायचे. हे दहा मिनिटांत जमते. पण हात सुटल्यावर समोरचा दुसऱ्या हाताने केस धरतो, तेव्हा काय? प्रात्यक्षिकात तो तसे कधीच करत नाही. म्हणून अंगभर जाड पॅडिंग घातलेला प्रशिक्षक खरोखर अंगावर येतो, ढकलतो, अर्वाच्य बोलतो, असा सराव लागतो. छाती धडधडत असताना जे आठवते तेवढेच आले म्हणायचे.

चाकू हिसकावून घेण्याची प्रात्यक्षिके तर ताबडतोब बंद करा. रबरी चाकूच्या धारेला रंग लावून पांढऱ्या शर्टावर एकदा करून बघा. अर्ध्या मिनिटात शर्टाची काय दशा होते ते प्रशिक्षकांनाही बघू दे. वस्तू मागितली तर देऊन टाकायची आणि पळायचे, एवढेच शिकवावे.

आता खरी मेख. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात जोडीदार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या सुमारे चारपैकी एका स्त्रीने त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. जोडीदाराव्यतिरिक्त इतरांकडून लैंगिक हिंसा सोसणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 6 टक्के आहे. आपण मात्र अंधारातल्या अनोळखी गुंडाचीच तयारी करून घेतो. नात्यातल्या माणसाला, ओळखीच्या दादाला, शिकवणीच्या सरांना ‘नाही’ कसे म्हणायचे, त्याने हसण्यावारी नेले तर पुढे काय, याचा तास कुठेच नसतो.

हे शिकवता येते, आणि त्याचा उपयोगही होतो. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींचा अभ्यास झाला. निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला माहितीपत्रके दिली, दुसऱ्याला तीन-तीन तासांची चार सत्रे. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात 9.8 टक्के आणि दुसऱ्यात 5.2 टक्के आढळले. त्या बारा तासांत शारीरिक डावांना जेमतेम दोन तास होते. बाकीचा वेळ धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाशी खटका उडण्याचा संकोच मोडणे आणि स्वतःची इच्छा स्पष्ट सांगणे यावर गेला. माहितीपत्रके वाटून ‘जनजागृती’ उरकणाऱ्या आपल्या खात्याने हे आकडे एकदा भिंतीवर लावावेत.

एक गोष्ट मात्र प्रत्येक प्रशिक्षकाकडून लिहून घ्या. भीतीने शरीर थिजू शकते, कितीही शिकलेल्याचेही. प्रशिक्षण घेतलेल्या मुलीला पुढे कधी ‘मग ओरडली का नाहीस?’ असे कुणी विचारणार असेल, तर हे वर्ग तिच्यावरच उलटतील. आणि मुलांनाही याच वर्गात बसवा. मार मुलगेही खातात, आणि ‘नाही’ ऐकून घ्यायचा सराव त्यांनाही हवाच.

तेव्हा पुढचा आदेश काढताना समारोपाचे प्रात्यक्षिक त्यातून वगळा. तास एका आठवड्यात कोंबू नका, वर्षभर विभागा आणि दरवर्षी उजळणी ठेवा. तुकडी लहान असू द्या, म्हणजे प्रत्येकीला पॅडिंगवाल्यासमोर उभे राहता येईल. प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासल्याशिवाय त्याला वर्गात पाठवू नका, आणि वर्गात शाळेतली एक शिक्षिका कायम हजर ठेवा. अहवालात डोकी मोजण्याऐवजी सहा महिन्यांनी त्याच मुलींना पुन्हा उभे करून काय टिकले ते तपासा. तपासणीच्या दिवशी आपण स्वतः यावे, अशी विनंती आहे. हारतुरे नकोत, आधी कळवूही नका.

आपली नम्र,
एक स्वसंरक्षण प्रशिक्षिका